पॅलेस्टाइनचा प्रश्न आणि आपली मुले

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात वक्त्याने संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, असा प्रघात आहे. आपल्या ट्रस्टने किती मुलांची फी भरली, किती जणांना वह्या-पुस्तके दिली, हे इथे बसलेल्या बहुतेक घरांना ठाऊकच आहे. ते पुन्हा सांगून मी आपला वेळ घेणार नाही. आपण ज्या मुलांना शिकायला मदत करता, ती मुले आज वर्गात काय विचारतात, एवढेच मी सांगणार आहे. त्यांच्या प्रश्नांपैकी एकच प्रश्न मी आज घेतला आहे. इस्रायल आणि पॅलेस्टाइन यांचे भांडण काय आहे, हा तो प्रश्न.

‘इतक्या दूरचे भांडण बेळगावच्या मुलांना कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण ते भांडण आता दूर राहिलेले नाही. ऑक्टोबर २०२३ पासून नववी-दहावीच्या मुलांनी पडलेल्या घरांची आणि मेलेल्या पोरांची जेवढी चित्रे फोनवर पाहिली, तेवढी आपण जन्मात पाहिली नसतील. धडा सुरू होण्यापूर्वीच त्यांची मते तयार असतात. हा विषय शिकवावा की नाही, हे ठरवणे आता शिक्षकाच्या हातात उरलेले नाही. तो शाळेत शिकवायचा, की रात्री अंथरुणात फोनवर शिकू द्यायचा, एवढीच निवड आहे.

पहिले काम शब्द निवडण्याचे. मी फळ्यावर काही शब्द लिहितो: यहुदी, इस्रायली, झायोनिस्ट, आणि त्यांच्यासमोर मुसलमान, अरब, पॅलेस्टिनी, हमास. मुलांना हे सगळे मिळून दोनच शब्द वाटतात. ते सात वेगळे शब्द आहेत, हे पटवण्यात एक तास जातो. पण तो वाया जात नाही. इस्रायलच्या नागरिकांपैकी सुमारे एक पंचमांश अरब आहेत. जगातले सगळे यहुदी इस्रायलचे नागरिक नाहीत, आणि झायोनिझम न मानणारे यहुदीही आहेत. सगळे पॅलेस्टिनी मुसलमान नाहीत. याफा शहरात १९११ साली ‘फलस्तीन’ नावाचे वर्तमानपत्र सुरू झाले. ते काढणारा अरब ख्रिस्ती होता. पॅलेस्टिनींची बाजू जगापुढे मांडणारे विख्यात प्राध्यापक एडवर्ड सैद हेही जेरुसलेममध्ये जन्मलेल्या ख्रिस्ती घराण्यातले. हे कळले की ‘मुसलमान विरुद्ध यहुदी’ हे नाव या भांडणाला पुरत नाही, हे मुलांच्या ध्यानात येते. धर्म त्यात आहे, जेरुसलेमसारख्या नगरीत तो असणारच. पण मुळात तंटा एका भूमीवरचा आहे, आणि तो दोन लोकसमूहांच्या राष्ट्रभावनेचा आहे.

यहुदी म्हणजे कोण, हे मराठी मुलांना परक्या देशातून शिकवावे लागत नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके आपल्यात राहिले. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ लोक इस्रायलला गेले, आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. त्यांचे तिथले सुरुवातीचे दिवस सुखाचे नव्हते. त्यांच्याशी विवाहसंबंध करावेत की नाही, अशी शंका तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी काढली. ती मंडळी निदर्शनांना बसली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर करावे लागले. एखाद्या देशाचे नाव घेतले म्हणजे त्यात सगळे एकाच मनाचे लोक राहतात असे नव्हे, हे मुलांना या एका हकिकतीवरून पटते.

दुसरे काम तारखांचे. भांडणाची गोष्ट कुठल्या वर्षापासून सुरू करावी, यावरच गुन्हेगार कोण हे पुष्कळसे ठरते. गोष्ट ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू केली, तर हमासच्या हल्ल्यात एका दिवसात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस धरून नेले, तिथून ती सुरू होते. १९६७ पासून सुरू केली, तर सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा घेतले, तिथून ती सुरू होते. १९४८ पासून सुरू केली, तर एका बाजूला तो स्वातंत्र्याचा दिवस असतो, आणि दुसऱ्या बाजूला ‘नकबा’, म्हणजे महाअरिष्ट. सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी त्या युद्धात घरांना मुकले. त्यानंतरच्या वर्षांत अरब देशांतल्या लाखो यहुद्यांनाही आपली पिढ्यान् पिढ्यांची घरे सोडावी लागली. १८९७ पासून सुरू केली, तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात थिओडोर हर्झल यांनी भरवलेली पहिली झायोनिस्ट परिषद समोर येते, आणि तिच्या पाठीमागे रशियात व पूर्व युरोपात यहुद्यांवर झालेले अत्याचार.

मी मुलांना या तारखांच्या चिठ्ठ्या करून देतो आणि सांगतो, ‘तुम्ही ज्या तारखेपासून गोष्ट सुरू कराल, तिच्या आधीची एक चिठ्ठी उचलून मला दाखवा.’ मागे जाण्याची ही सवय लागली की आवेश आपोआप थोडा उतरतो. मग कोणीतरी विचारतेच, ‘सर, मागे कुठवर जायचं?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: जिथून आजच्या माणसांचे हक्क आणि दुःखे समजू लागतात, तिथवर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यावरून आजच्या शेताचा सातबारा ठरवू नये. पण दोन हजार वर्षे जपलेली आठवण खोटी आहे, असेही म्हणू नये.

तिसरे काम कागदपत्रांचे. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी एक पत्र लिहिले. त्यातला महत्त्वाचा मजकूर इंग्रजीत अवघा ६७ शब्दांचा आहे. पॅलेस्टाइनमध्ये यहुदी लोकांसाठी राष्ट्रीय निवास व्हावा याला त्यात सरकारची अनुकूलता आहे. तिथल्या इतर लोकांचे नागरी व धार्मिक हक्क बाधित होऊ नयेत, असेही त्यात आहे. मी मुलांना विचारतो, ‘यात कुठला शब्द नाही?’ बराच वेळ लागतो, पण कोणीतरी शोधतेच: राजकीय हक्कांचा शब्द नाही. ते ‘इतर लोक’ तेव्हा तिथल्या वस्तीच्या सुमारे नऊ दशांश होते, आणि त्यांचा उल्लेख केवळ ‘बिगर-यहुदी’ असा आहे. त्याच इंग्रज सरकारच्या वतीने मॅकमहॉन यांनी १९१५-१६ च्या पत्रव्यवहारात मक्केच्या शरीफ हुसेनला अरबांच्या स्वातंत्र्याची आशा लावली होती, आणि १९१६ मध्ये इंग्रज व फ्रेंचांनी तो सगळा मुलूख गुपचूप वाटूनही घेतला होता. जमीन तिसऱ्याचीच, आणि बोली मात्र दोघांशी! साम्राज्यांचा हा व्यवहार हिंदुस्थानच्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आकडेही असेच बोलतात. १९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाइनची वस्ती सुमारे ७ लाख ५७ हजार होती. त्यांत यहुदी सुमारे ८४ हजार. १९३१ मध्ये एकूण वस्ती १० लाख ३५ हजार झाली आणि यहुदी १ लाख ७४ हजारांवर गेले. यानंतर जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. पळून येणाऱ्या यहुद्यांना जगातल्या बहुतेक देशांनी दारे लावून घेतली. अरबांना वाटले, आपला देश आपल्या डोळ्यांदेखत जातो आहे. त्यांनी १९३६ ते १९३९ असे बंड केले. मग इंग्रजांनी १९३९ मध्ये यहुद्यांच्या येण्यावर कडक मर्यादा घातली, आणि नेमक्या त्याच वर्षी युरोपात युद्ध पेटले. त्या युद्धाच्या काळात साठ लाख यहुदी मारले गेले. या दोन्ही भीती खऱ्या होत्या. एक भीती खरी मानण्यासाठी दुसरी खोटी मानावी लागत नाही. पण मुलांना हेच सर्वांत जड जाते, आणि मोठ्यांना त्याहूनही जड जाते.

१९४७ साल आले. इंग्रजांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या पदरात टाकला. त्यासाठी नेमलेल्या अकरा देशांच्या समितीवर हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अब्दुर रहमान. समितीच्या बहुमताने फाळणी सुचवली. हिंदुस्थान, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी दोन घटक असलेले एक संघराज्य सुचवले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. १० देश तटस्थ राहिले. हिंदुस्थानने विरुद्ध मत दिले. त्या ठरावात वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा असलेल्या यहुद्यांच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूमी होती. यहुदी पुढाऱ्यांनी तो स्वीकारला, अरबांनी नाकारला, आणि युद्ध झाले. १९४९ च्या तहकुबीनंतर मूळ पॅलेस्टाइनचा सुमारे ७८ टक्के भाग इस्रायलकडे होता. पश्चिम किनारा जॉर्डनकडे आणि गाझा इजिप्तकडे गेला. भारताने सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनच्या राज्याला दिली, आणि जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. म्हणजे आपल्या देशाने दोघांनाही ओळख दिलेली आहे. ‘देशभक्ताने अमुकच बाजू घ्यावी’ असे जे आज मुलांना ऐकवले जाते, त्यांना मी ही चार वर्षे लिहून देतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. बेळगावच्या मुलाला सीमा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्याने ती बोली, पाटी आणि मोर्चा यांतून पाहिलेली असते. म्हणून त्या प्रश्नाला आपल्या सीमावादाची किंवा देशाच्या फाळणीची उपमा देण्याचा मोह होतो. तो आवरावा. उपमा दिली की मूल त्या प्रश्नाकडे पाहणे सोडते आणि आपलाच जुना राग तिथे नेऊन ठेवते.

आता या साऱ्याच्या शिकवणीचा एक खरा प्रयोग सांगतो. तो आपल्याकडचा नाही, त्याच भूमीतला आहे. दान बार-ऑन हे इस्रायली मानसशास्त्रज्ञ आणि सामी अदवान हे बेथलेहेमचे पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ. दोघांनी मिळून दोन्हीकडचे शिक्षक एकत्र बसवले. तेव्हा दुसरा इंतिफादा चालू होता. रस्त्यावर नाके होती, बसमध्ये बॉम्ब फुटत होते, घरांवर रणगाडे येत होते. एका बैठकीला पोहोचणे हेच मोठे काम होते. एकच समान इतिहास लिहिणे शक्य नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून २००३ साली त्यांनी जी पुस्तिका काढली, तीत एका स्तंभात इस्रायली कथन, दुसऱ्यात पॅलेस्टिनी कथन, आणि मध्ये कोरी जागा ठेवली. बाल्फोरचे पत्र, १९४८ चे युद्ध, १९८७ चा इंतिफादा. तीच घटना, दोन तोंडांनी सांगितलेली. मधली जागा विद्यार्थ्याने भरायची. बार-ऑन २००८ मध्ये वारले. पुढे तो ग्रंथ पूर्ण होऊन २०१२ मध्ये इंग्रजीतही आला. दरम्यान २०१० मध्ये इस्रायलच्या शिक्षण खात्याने तो शाळेत वापरण्यास मनाई केली, आणि पॅलेस्टिनी शिक्षण खात्यानेही त्याला मान्यता दिली नाही. दोन्ही सरकारांना एकाच पुस्तकाचे भय वाटावे, यावरून त्याचे मोल समजावे.

मी हीच रीत वहीच्या पानावर उतरवली. पानावर दोन रेघा मारायच्या. ज्याचा कल एका बाजूला आहे, त्याने दुसऱ्या बाजूचा स्तंभ लिहायचा. एका मुलीने जर्मन छळछावणीतून जिवंत सुटून हैफाच्या बंदरात उतरलेल्या बाईचे मन लिहिले. ती मुलगी रोज पॅलेस्टाइनसाठी दुवा मागणारी. एका मुलाने गळ्यात घराची किल्ली घालून लेबनॉनच्या छावणीत म्हातारा झालेला माणूस लिहिला. तो मुलगा आदल्या आठवड्यापर्यंत ‘इस्रायलसारखा धडा शिकवला पाहिजे’ असे म्हणत होता. सगळ्यांचे असे होत नाही. एक मुलगा हात बांधून बसला. ‘सर, मी ह्यांची बाजू लिहिणार नाही,’ म्हणाला. मी त्याच्यावर सक्ती केली नाही. न लिहिण्याचे कारण मधल्या कोऱ्या जागेत लिही, एवढेच सांगितले. त्याने चार ओळी लिहिल्या. त्या मला पटल्या नाहीत, पण त्या त्याच्या स्वतःच्या होत्या. फोनवरून उचललेल्या नव्हत्या.

आता ज्या प्रश्नाला मला दरवर्षी उत्तर द्यावे लागते, तो सांगतो. ‘सर, तुम्ही कुणाच्या बाजूनं?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांत उत्तर आधीच असते, कारण माझे नाव त्याला ठाऊक आहे. इतर शिक्षकाने गाझाविषयी हळहळ दाखवली तर ती माणुसकी ठरते. मी दाखवली तर तो माझा धर्म ठरतो. उलट मी ओलिसांच्या आईबापांविषयी बोललो, तर माझ्याच काही ओळखीच्यांना मी भ्यालो असे वाटते. एकदा एकाच आठवड्यात दोन पालक आले. एकाचे म्हणणे, मी मुलांना भडकवतो. दुसऱ्याचे म्हणणे, मी आपल्या लोकांशी बेइमानी करतो. दोघांपुढे मी मुलांच्या वह्याच ठेवल्या. एकाने त्या वाचल्या. दुसऱ्याने वाचल्या नाहीत.

माझे मत मी लपवत नाही. फक्त वह्या जमा झाल्यावर सांगतो. कुराणात माप मारणाऱ्यांविषयी कडक शब्द आहेत: घेताना भरून घेणारे आणि देताना कमी देणारे. ते वाण्याइतकेच मतांच्या व्यापाऱ्यालाही लागू आहेत. ७ ऑक्टोबरला घरात शिरून माणसे मारणे आणि म्हाताऱ्यांना, लेकरांना ओढून नेणे हे पाप होते. कोणत्याही अन्यायाचे उट्टे म्हणून ते क्षम्य होत नाही. त्यानंतर गाझात जे झाले तेही त्याच मापाने मोजले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला, तोवर ६७ हजारांवर माणसे मेल्याची नोंद तिथल्या आरोग्य खात्याने केली होती. त्यांत हजारो मुले होती. हे खाते हमासच्या राजवटीतले आहे, हेही मुलांना सांगावे. आणि त्याच्या नोंदी संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था वापरत आल्या आहेत, हेही सांगावे.

पण एक माप म्हणजे दोघांना सारखेच गुण देणे नव्हे. मोजून जे निघेल ते सांगितले पाहिजे. १९६७ पासून एका लोकसमूहावर दुसऱ्याचा लष्करी अंमल आहे, आणि त्या भूमीवर वसाहती वाढत आल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदेशीर असल्याचे मत दिले. इस्रायलने ते अमान्य केले. शांततेचे प्रयत्नही दोन्हीकडच्या अतिरेक्यांनी मोडले. १९९३ च्या करारानंतर बसगाड्यांत बॉम्ब फोडणारे पॅलेस्टिनी होते, १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडणारा यहुदी होता, आणि १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना मारणाराही यहुदीच होता. हे सगळे एका दमात सांगता आले पाहिजे. ज्याला यातले एखादे वाक्य गिळावेसे वाटते, त्याने तिथेच थांबून स्वतःला कारण विचारावे.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मृत मुलांची चित्रे घरात फिरवू नका. त्यांनी कळवळा वाढत नाही. आधी झोप उडते आणि मग मन मरते. दुसरी, आलेले चित्र पुढे धाडण्यापूर्वी ते कधीचे आणि कुठले हे मुलाला शोधायला लावा. दुसऱ्याच देशातली जुनी चित्रे गाझाची म्हणून पुष्कळ फिरली आहेत. तिसरी, तिथल्या कृत्याचा जाब इथल्या माणसाला विचारू नका. मुंबईतल्या वा कोकणातल्या यहुदी कुटुंबाने गाझाचा हिशोब द्यायचा नसतो, आणि आपल्या गल्लीतल्या मुसलमान पोराने हमासचा.

ट्रस्टकडेही एक मागणे आहे. आपण दरवर्षी वह्या वाटता. त्याच्या जोडीला आपल्या वाचनालयात एक मोठा नकाशासंग्रह आणि या प्रश्नावरची दोन्ही बाजूंची चार पुस्तके ठेवावीत. खर्च फार नाही. त्या पुस्तकांवरून कुरकुर होईल, ती सोसण्याची तयारी मात्र विश्वस्तांनी आधीच ठेवावी.

त्या भूमीत आपल्याही काही खुणा आहेत. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेतले ते जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांनी. जेरुसलेमच्या जुन्या शहरात बाबा फरीद यांच्या नावाशी जोडलेली हिंदुस्थानी यात्रेकरूंची एक धर्मशाळा आहे. कोकणातून गेलेली मराठी घरे तिथे आहेत. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या नर्स म्हणून, कोणी इंजिनियर म्हणून, कोणी यात्रेकरू म्हणून तिकडे जाईल. तिथे त्याला ज्या घरी चहा मिळेल, त्या घराची गोष्ट ऐकून घेण्याइतके तरी शिक्षण आपण त्याला दिलेले असावे. त्या कामात आपल्या ट्रस्टची पुढची पन्नास वर्षे जावोत, अशी सदिच्छा व्यक्त करतो.